'परमेश्वर असे म्हणतो' हे आज कुणी म्हणू शकतं का?

नगरची_लेक

जूनमध्ये मावशीबरोबर पिंपरीतल्या एका सभेला गेले होते. मी नगरच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढलेली. आमच्याकडे उपासना म्हणजे गीतपुस्तक, ठरलेला क्रम आणि पाळकसाहेबांचं वीस मिनिटांचं प्रवचन. इथे मंगल कार्यालयाचा हॉल, मागे कीबोर्ड सतत चालू, आणि बाहेरगावाहून आलेले 'प्रॉफेट'. ते स्टेजवरून खाली उतरले, मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "परमेश्वर असे म्हणतो, तुझ्या मुलाचं परदेशाचं दार दिवाळीच्या आत उघडेल." हॉलभर हालेलुया. मग पाकिटं फिरली, 'विश्वासाचं बी पेरा' म्हणून. मावशीने पाच हजार टाकले. मावसभावाने त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

व्हिसा नाकारल्याचा मेल दिवाळीच्या आधी नऊ दिवस आला. फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलाचा विश्वास कमी पडला."

माझं मत सरळ आहे. देवाचा संदेश थेट सांगणारे संदेष्टे, म्हणजेच प्रॉफेट, होते, आता नाहीत. बायबलमधलं इफिस २:२० म्हणतं की मंडळी प्रेषित व संदेष्टे या पायावर रचली आहे. पाया एकदाच घालतात, तिसऱ्या मजल्यावर चढून कुणी पाया खणत नाही. इब्री पत्राची सुरुवातच आहे: पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, आता पुत्राच्या द्वारे बोलला. शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण झालं. त्यानंतर 'परमेश्वर असे म्हणतो' हे शब्द तोंडी घ्यायचे असतील तर पुढे अध्याय आणि ओवी सांगा.

आत्म्याचा_वारा

ताई, मावशींचं ऐकून वाईट वाटलं. मी अशाच एका पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या मंडळीतला, आणि हा प्रकार आम्हालाही नवा नाही. पण बाजारात खोटी नोट सापडली म्हणून कुणी पाकीट फेकून देतं का?

इफिस २:२० सांगितलंत, दोन पानं पुढे ४:११ राहिलं. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक हे सगळे ख्रिस्ताने दिले. किती काळ? आपण सर्व विश्वासाच्या एकत्वाला पोहोचेपर्यंत. पोहोचलो? नगरमध्येच किती चर्चेस आहेत मोजा. पाळक आणि शिक्षक आजही चालतात, संदेष्टे तेवढे वगळायचे, हे कुठल्या ओवीत लिहिलंय? शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषित पेत्राने योएल संदेष्ट्याचं वचन सांगितलं, तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या संदेश देतील. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत होत्या, कृत्ये २१:९. त्यांतल्या एकीचंही शास्त्रात पुस्तक नाही. म्हणजे शास्त्र लिहिणं हे एक काम आणि संदेश देणं हे दुसरं.

आणि केडगाव विसरलात? (दौंडजवळचं, नगरचं नव्हे.) १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याची जागृती झाली. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध जागृती त्यानंतर, १९०६ ची. रमाबाई काही भोळ्या बाई नव्हत्या. कलकत्त्याच्या पंडितांशी संस्कृतात बोललेल्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलेल्या. त्यांनी ते थांबवलं नाही.

नगरची_लेक

मुक्तीत मुली तासन्‌तास रडून आपली पापं कबूल करत होत्या. ते आणि परदेशाचं दार, एकाच तराजूत घालू नका दादा.

निरीश्वर_नाना

मी तुमच्या धर्मातला नाही, पण धागा वाचून गंमत वाटली. आमच्या गल्लीतले ज्योतिषी हेच सांगतात, फक्त दिवाळीऐवजी 'गुरू पालटल्यावर' म्हणतात. आणि खरं नाही ठरलं की 'श्रद्धा कमी पडली'. फरक काय? शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळणं त्यात बसतं. भविष्यच सांगायचं असेल तर सगळे एकाच माळेचे मणी.

वसईचा_मास्तर

नानांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. आमच्या घरात आजोबांच्या वेळचं एक मराठी बायबल आहे, पुठ्ठा सुटलेला. त्यात 'भविष्यवादी' छापलंय. आता आपण 'संदेष्टा' म्हणतो. निम्मा घोळ त्या जुन्या शब्दाने घातलाय. भविष्य म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कुंडली येते. हिब्रूतला नबी म्हणजे बोलावलेला आणि बोलणारा. जुन्या करारातला आमोस घ्या. तो स्वतःच म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगा नाही, मी गुराखी आहे. तो बोलतो कशावर? एका जोड्यासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर, खोट्या तराजूवर. पुढचंही सांगतो, पण 'हे असंच चालू राहिलं तर' या अर्थाने.

आम्हा कॅथलिकांचं उत्तर नगरच्या ताईंना आवडणार नाही आणि वाऱ्यालाही नाही. बाप्तिस्म्यात बाळाच्या टाळूला क्रिस्माचं पवित्र तेल लावताना फादर जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा आहे आणि हे मूल त्याचा अवयव आहे असं येतं. म्हणजे बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण त्या कामाचा वाटेकरी. पण जाहीर प्रकटीकरण, म्हणजे देवाने सगळ्यांसाठी उघड केलेलं, ख्रिस्तात पूर्ण झालं, त्यात भर पडत नाही. त्यानंतर कुणाला दर्शन झालं तर ते खासगी. चर्चने मान्य केलं तरी ते श्रद्धेच्या ठेवीचा भाग होत नाही.

आणि मान्य करायलाही चर्च घाई करत नाही. बोस्नियातल्या मेजुगोर्ये गावचे मारियामातेचे दृष्टान्त १९८१ पासूनचे. रोमने त्यावर निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये दिला, तोही एवढाच की तिथल्या भक्तीला हरकत नाही. दृष्टान्त अलौकिक आहेत असं म्हटलंच नाही. त्रेचाळीस वर्षं! मावशींच्या मुलाचा निकाल माइकवर चाळीस सेकंदांत लागला.

आपल्या काळातला संदेष्टा दाखवा म्हणाल तर मी २०२४ मध्ये वारलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव घेईन. वसईच्या जमिनी, विहिरी आणि बागा गिळणाऱ्यांविरुद्ध हरित वसईच्या लढ्यात हा माणूस उभा राहिला, ज्या काळात त्यांच्याविरुद्ध दबक्या आवाजात बोलायलाही लोक घाबरत. त्यांनी कुणाचं भविष्य सांगितलं नाही. समोर काय चाललंय ते सांगितलं.

आत्म्याचा_वारा

मास्तर, दिब्रिटोंबद्दल आदरच आहे. पण ही पळवाट झाली. संदेष्टा म्हणजे चांगला समाजसेवक, एवढंच म्हटलं की कुणाचीच अडचण होत नाही, नानांचीही नाही. कृत्ये ११ मध्ये अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ पडणार हे आधी सांगितलं, तो रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात पडला, आणि अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयाला मदत पाठवली. ते भविष्यच होतं. ते पुसून टाकता येणार नाही.

ह्यूस्टनकर

इथलं सांगतो. २०२० च्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या बऱ्याच नामवंत 'प्रॉफेट'नी ट्रम्प सलग दुसऱ्यांदा येणार असं देवाच्या नावाने सांगितलं होतं. हरले. जेरेमाया जॉन्सन नावाच्या एकाने जानेवारी २०२१ मध्ये उघड माफी मागितली, मी चुकलो म्हणाला. आणि त्याला धमक्या कुणाकडून आल्या? विश्वासणाऱ्यांकडूनच! चूक कबूल केली म्हणून. दोन महिन्यांत त्याने त्या नावाची सेवाच बंद केली. २०२४ ला ट्रम्प आले तेव्हा आमच्या फेलोशिपच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज, "बघा, वचन खरं ठरलं, देवाचं घड्याळ वेगळं असतं." जुन्या करारातलं अनुवाद १८:२२ सांगतं की बोललेलं घडलं नाही तर तो उन्मत्तपणे बोलला, त्याला भिऊ नका. घड्याळ वेगळं असतं असं तिथे नाही.

१ राजे २२ पुन्हा वाचा. अहाब राजापुढे चारशे संदेष्टे, सगळे एकमुखाने 'चढाई कर, जिंकशील'. एकटा मीखाया वेगळं बोलला आणि तुरुंगात गेला. चारशे जण खूश करणारे होते.

आत्म्याचा_वारा

मग योना? "चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल." झालं नाही. योना खोटा संदेष्टा?

ह्यूस्टनकर

निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, म्हणून टळलं. व्हिसा ऑफिसने काय नेसलं होतं? 😄

सेमिनरीतला_बाक

परीक्षा चालू आहेत, तरी राहवत नाही.

ताईंचा मुद्दा जुना आणि वजनदार आहे. १९१८ मध्ये अमेरिकन धर्मपंडित वॉरफिल्डने तो मांडला तेव्हापासून बऱ्याच प्रेस्बिटेरियन-रिफॉर्म्ड वर्गांत तोच शिकवतात. पण एक अडचण आहे. दिदाखे नावाचं जुनं मंडळी-पुस्तक, पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं, १८७३ मध्ये इस्तंबूलच्या एका ग्रंथालयात सापडलं. त्यात गावोगाव फिरणारे संदेष्टे सरळ गृहीत धरलेत. म्हणजे प्रेषित गेल्यावरही ते होते. आणि त्यातले नियम वाचून हसू येतं. तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा. निघताना भाकरीखेरीज काही मागितलं, पैसे मागितले तर खोटा. 'आत्म्यात' जेवण मांडायला सांगून स्वतःच त्यावर ताव मारला तर खोटा. पाकीट फिरवणारे तेव्हापासून आहेत.

माझं स्वतःचं मत वेन ग्रुडम या अमेरिकन धर्मपंडिताच्या जवळ जातं. नव्या करारातला मंडळीतला संदेश हा जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या तोलाचा नाही, तो चुकू शकतो, म्हणूनच १ करिंथ १४:२९ सांगतं की दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. यशयाची पारख करायला कुणी बसत नव्हतं. अगबाचंच बघा. पौलाचा कमरपट्टा घेऊन त्याने आपले हातपाय बांधले आणि म्हणाला, यहूदी याच्या मालकाला असं बांधतील आणि परक्यांच्या हाती देतील. कृत्ये २१:३३ मध्ये बांधलं कुणी? रोमी सरदाराने. तपशील थोडा हललाच. (विरोधी बाजू २८:१७ दाखवते, तिथे पौल स्वतः म्हणतो की मला रोमी लोकांच्या हाती देण्यात आलं. आमच्या वर्गात यावर तास वाया गेलाय.)

थेस्सलनीकाचं पहिलं पत्र, ५:२० आणि २१. संदेशांचा धिक्कार करू नका. सर्वांची पारख करा. एक ओवी ताईंसाठी, एक वाऱ्यासाठी.

निरीश्वर_नाना

हे मला पटलं. म्हणजे देव मानत नाही, पण पारख मानतो.

नगरची_लेक

१४:२९ माझ्या डोक्यात नव्हतं, कबूल करते. दिदाखेचंही माहीत नव्हतं. पायाचा मुद्दा मी सोडत नाही, पण समजा संदेश देण्याचं दान आजही आहे असं धरलं तरी त्या हॉलमध्ये पारख करणारं कोण होतं? चारशे खुर्च्या आणि एक माइक. मावशीने मागून काही विचारायचं म्हटलं असतं तर स्वयंसेवकाने खांद्यावर हात ठेवून बसवलं असतं. 'अभिषिक्ताला हात लावू नका' ही ओवी तिथे पहिल्या अर्ध्या तासात दोनदा आली.

आत्म्याचा_वारा

ती ओवी, स्तोत्र १०५:१५, अब्राहाम, इसहाक, याकोब या पूर्वजांच्या रक्षणाबद्दल आहे, स्टेजवरच्या माणसाला प्रश्न विचारण्याबद्दल नाही. हे मी आमच्या पाळकांसमोरही बोललोय, आणि पुढचे दोन महिने मला वाद्यवृंदातून सुट्टी मिळाली होती.

आमच्या मंडळीत कुणी संदेश दिला तर मागे मंडळीतले तीन वडीलधारे ते तपासायला बसलेले असतात. लग्न, नोकरी, औषध आणि पैसा यांवर कुणाला व्यक्तिशः संदेश द्यायचा नाही असं ठरलंय. तीन वर्षांपूर्वी असंच एक लग्न ठरलं आणि मोडलं, त्यानंतर ठरलं. मावशींना एकदा घेऊन या. पाकीट नाही, अर्पणाची थैली फक्त रविवारी फिरते.

नगरची_लेक

विचारलं. मावशी म्हणाली, "तिथे कुणाला प्रभूचा आवाज येतो का?" मी म्हटलं, तीन जण बसून तपासतात. तिला ते फारसं आवडलं नाही.

ते प्रॉफेट पुन्हा येतायत, येत्या शनिवारी. मावशी जाणार, भाऊ जाणार नाही. मी जातेय, दोनशे पानी वही घेऊन. तारीख, वेळ, काय बोलले, कुणाला बोलले. मावशीची एकच अट आहे, पुढच्या रांगेत बसायचं नाही.