मदत हवी आहे : माझ्या स्ट्रोकला कोणता पटर जमेल?

नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत राहतो, गोल्फ खेळायला लागून दोन वर्षं झाली. उजव्या हाताने खेळतो. पटर, म्हणजे चेंडू घरंगळवत भोकात ढकलायची काठी, हातात घेतली की पाच-सहा फुटांवरचे पट (तसे फटके) सारखे भोकाच्या उजवीकडून निसटतात, आणि सकाळी पाचला उठून गेलेल्या माणसाचा जीव अक्षरशः हळहळतो हो.

काल रात्री घरातल्या फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवून व्हिडिओ काढला. पटर मागे जाताना सांध्याच्या आत वळतो, चेंडूपाशी सरळ होतो, पुढे गेला की परत आत. म्हणजे माझा स्ट्रोक (पटर फिरवायची पद्धत) चांगलाच कमानदार आहे. मग शाफ्ट (दांडा) बोटावर आडवा तोलला, तर फेस (चेंडूला लागणारी बाजू) थेट छताकडे! म्हणजे माझा मॅलेट (मोठ्या डोक्याचा पटर) फेस-बॅलन्स्ड निघाला, जो सरळ स्ट्रोकवाल्यांना जास्त मानवतो. दुकानदाराने विकताना स्ट्रोक बघितलासुद्धा नव्हता.

आता असाच तोलला की टो (डोक्याचं पुढचं टोक) खाली झुकणारा पटर घ्यायचं मनात आहे. पिंग कंपनीच्या १९६६ च्या अ‍ॅन्सरसारखा, मध्यम टो-हँगचा (टो बेताने झुकणारा) पुरेल, की आणखी झुकणारा हवा? मॅलेट मला आवडतो, नेम धरायला सोपा जातो. टो-हँगवाला मॅलेट कोणी वापरतं का?

दुसरं म्हणजे लांबी. उंची ५ फूट ५ इंच, पटर ३५ इंची. उभा राहिलो की टो जमिनीवरून उचललेला दिसतो. ३३ इंची घेऊ का? आहे तोच कापला तर डोकं हलकं लागेल, ही धास्ती आहे.

नागपुरातलं कोणी आपला पटर दहा मिनिटं हाताळू देईल का? रविवारी सकाळी म्हणाल तिथे येतो जी.