मदत हवी आहे: सर्व्हे दुर्बिणीची रात्रीची पाइपलाइन, पावसाळ्यानंतर प्रकाशवक्रांत उड्या

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी. रामटेक तालुक्यात, पेंचच्या बफरला लागून असलेल्या एका वावरात आमच्या गटाची छोटी सर्व्हे दुर्बीण आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. नैऋत्येला नागपूरचा उजेड सोडला तर इथलं आभाळ खरंच काळंभोर आहे, म्हणून ही जागा निवडली.

दुर्बीण ११ इंची रासा (रुंद आकाश टिपणारी), एफ २.२, नाभीय अंतर ६२० मिमी. फुल फ्रेम मोनो कॅमेरा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. एका फ्रेममध्ये सात चौरस अंशांहून जास्त आकाश येतं आणि फाइल १२० एमबीच्या वर जाते. ठरावीक पट्टे रोज रात्री आळीपाळीने घ्यायचे, एक-एक मिनिटाच्या फ्रेम, आणि त्यातून रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांचे प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचे आलेख, काढायचे. थंडीतल्या एका स्वच्छ रात्रीत साठ-सत्तर जीबी सहज होतात. गावातल्या नेटवर एवढं कुठे पाठवणार? म्हणून सगळी प्रक्रिया शेडमधल्याच कॉम्प्युटरवर होते आणि बाहेर जातो तो फक्त ताऱ्यांचा तक्ता.

पाइपलाइन, म्हणजे फ्रेमवर आपोआप चालणारी प्रक्रिया, सरळ आहे: बायस (कॅमेऱ्याची मूळ पातळी) आणि डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा, फ्लॅटने (एकसारख्या उजळ आभाळाची फ्रेम, जिच्यात धूळ आणि कडांचा काळोख उमटतो) भागाकार, गाइया डीआर३ या तारासूचीतल्या ताऱ्यांवरून दिशा पक्की, मग तारे शोधून त्यांची प्रत (तेजाचं माप) मोजायची. ती लिहिणारा आमच्यातला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून मी सांभाळतो. मे महिन्यात सुरू केली तेव्हा तेज, न बदलणाऱ्या ताऱ्यांची प्रत ०.०१ च्या आत स्थिर यायची. पावसाळ्यात बंद ठेवली. ऑक्टोबरात परत सुरू केली तेव्हापासून तेच तारे एका रात्रीतून दुसऱ्या रात्री ०.०३, कधी ०.०४ ने उडी मारतात. रात्रीच्या आत वक्र सपाट, रात्र बदलली की उडी. कोड एका ओळीने बदललेला नाही. कॅमेरा तोच, माउंट तोच.

शाळेतली मुलं यातून अल्गोलसारख्या ग्रहणकारी जोड्या शोधायला शिकताहेत. त्यांना खोट्या उड्या दाखवायची माझी तयारी नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद १:

भाऊ, आधी लाईन पाहा. आता गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस. कृषी फीडरवर रात्रीची थ्री फेज आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज झोपतं. कॅमेऱ्याचं कूलिंग त्यात हललं तर डार्क जुळणार नाही. मे महिन्यात एवढ्या मोटारी चालत नसतात.

धागाकर्ता:

ही शंका मलाही होती. कॅमेरा आणि माउंट बॅटरीवर आहेत, लाईन फक्त बॅटरी चार्ज करते. फ्रेमच्या हेडरमधलं (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींमधलं) सेन्सरचं तापमान रात्रभर उणे १० वर आहे, दशांशाचाच काय तो फरक. शिवाय डार्क चुकला असता तर मंद ताऱ्यांवर जास्त परिणाम दिसला असता. इथे तेज आणि मंद तारे सारख्याच प्रमाणात सरकतात.

प्रतिसाद २:

सगळे तारे सारख्याच प्रमाणात सरकतात, म्हणजे कशाने तरी गुणले किंवा भागले जाताहेत. दादा, एक करा. एका रात्रीतल्या हजारभर ताऱ्यांची मोजलेली प्रत आणि गाइयाची प्रत यांतला फरक काढा आणि तो चिपवरच्या (कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या) जागेनुसार रंगवा. ताऱ्यांच्या रंगामुळे येणारा फरक आधी एका सरळ रेषेने काढून टाका, कारण तुमच्याकडे फिल्टर नसेल तर तो मिसळेल. फरक चिपभर एकसारखा असेल तर झीरो पॉइंटचा (मोजलेल्या उजेडावरून प्रत काढताना मिळवायच्या आकड्याचा) घोळ, जागेनुसार बदलत असेल तर फ्लॅटचा.

धागाकर्ता:

ताई, केलं. लागोपाठच्या चार रात्रींचे नकाशे शेजारी-शेजारी ठेवले. चित्र एकदम स्पष्ट आहे. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे उतार आहे, आणि मध्यापासून थोडं वर मोठी फिकट वलयं आहेत, जोडीने, एक उजळ आणि एक काळसर, एकमेकांपासून जराशी सरकलेली. प्रत्येक रात्री उताराची दिशा वेगळी. वलयांच्या जागाही वेगळ्या.

वलयं धुळीची हे उघड आहे. इकडे धानाची चुरणी सुरू झाली की तूस आणि बारीक धूळ सगळीकडे बसते, कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारून भागत नाही. पण धुळीसाठीच तर फ्लॅट घेतो ना? रोज पहाटे आभाळ उजळायला लागलं की दुर्बीण डोक्यावर वळवून वीसेक फ्लॅट्स घेतो. त्या सगळ्यांचा मिळून एक मास्टर फ्लॅट बनतो, आणि लॉगमध्येही रोज ‘मास्टर फ्लॅट तयार’ असंच येतं.

प्रतिसाद २:

जोडीने वलयं म्हणजे एक वलय फ्रेममधलं, दुसरं फ्लॅटमधलं. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. दोन गोष्टी सांगा: कॅमेरा दिवसा काढता का? आणि फ्लॅट कुठल्या रात्रीचा वापरायचा हे स्क्रिप्ट कशावरून ठरवते?

धागाकर्ता:

कॅमेरा रोज सकाळी काढून घरी आणतो. दिवसा वावरात राखण नसते आणि माकडं शेडच्या पत्र्यावर असतात. संध्याकाळी परत बसवतो, त्यामुळे तो कणभर फिरलेला असणारच. म्हणूनच त्याच रात्रीच्या शेवटी घेतलेले फ्लॅट्स लागतात. संध्याकाळी घेता येत नाहीत, कॅमेरा बसवून थंड होईपर्यंत अंधार पडलेला असतो.

स्क्रिप्ट सकाळी साडेसातला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) सुटते. फाइल्स हेडरमधल्या निरीक्षणाच्या तारखेनुसार फोल्डरमध्ये लावते, मग ‘कालचा’ फोल्डर उचलते. त्यात जेवढे फ्लॅट्स सापडतील त्यांचा मास्टर बनवते. एकही नसेल तर सगळ्यात अलीकडचा जुना मास्टर घेते. आणखी एक, महत्त्वाचं असेल-नसेल: जानेवारीत रात्रीच्या शेवटच्या काही फ्रेम दुसऱ्या दिवशीच्या यादीत दिसायला लागल्या आहेत.

प्रतिसाद ३:

ती शेवटची ओळच उत्तर आहे.

हेडरमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणजे यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलते. आता तुमच्याकडचा सूर्य बघा. मे अखेरीस रामटेककडे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. फ्लॅट्स तुम्ही घेणार पाच ते सव्वापाच-वीसच्या दरम्यान, म्हणजे यूटीसी २३:३० ते २३:५०. रात्र आणि तिचे फ्लॅट्स एकाच तारखेत, सगळं सुरळीत. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय सहा वाजून गेल्यावर. फ्लॅट्स ५:३५ च्या पुढे, यूटीसीत दुसरी तारीख लागलेली. जानेवारीत तर सूर्योदय सातच्या जवळ येतो आणि खरा अंधारच ५:३५ पर्यंत टिकतो, म्हणून आता आकाशाच्या फ्रेमही पलीकडे सांडताहेत.

यातली फसवी गोष्ट अशी की फोल्डर रिकामा राहत नाही. १२ तारखेच्या फोल्डरमध्ये ११ च्या रात्रीचे पहाटेचे फ्लॅट्स आणि १२ च्या संध्याकाळपासूनच्या फ्रेम असं मिश्रण असतं. स्क्रिप्टला फ्लॅट्स मिळतात, मास्टर तयार होतो, कुरकुर काहीच नाही. फक्त तो आदल्या रात्रीचा असतो, आणि मधल्या दिवसात तुम्ही कॅमेरा काढून परत बसवलेला असतो.

अमेरिकेतल्या सर्व्हेंना हा त्रास होत नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमारवर झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या सर्व्हेची पूर्ण रात्र एकाच यूटीसी तारखेत बसते, तिकडचं घड्याळच आठ तास मागे आहे. त्यांच्या पद्धतीवरून लिहिलेली स्क्रिप्ट आपल्याकडे मे-जूनमध्ये चालते आणि हिवाळ्यात घसरते.

प्रतिसाद ४:

यावर सोपा उपाय म्हणजे ज्युलियन दिनांकाचा (खगोलात वापरतात त्या दिवसांच्या सलग मोजणीचा) पूर्णांक घ्यायचा. तो ग्रीनिचच्या दुपारी बदलतो, मध्यरात्री नाही. आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. पूर्ण रात्र एका आकड्यात.

प्रतिसाद ३:

रात्र बसते, तयारी बसत नाही. नोव्हेंबर अखेरीस तिकडे सूर्यास्तच साडेपाचच्या आसपास असतो. कोणी पाच वाजता बायस आणि डार्क घेऊन ठेवले तर ते आदल्या आकड्यात जातील. चिलीतल्या रुबिन वेधशाळेतही निरीक्षणाचा दिवस यूटीसीच्या दुपारी १२ ला बदलतो, पण तिथे तेव्हा सकाळ असते, रात्र संपलेली असते. त्यांना ते चालतं, आपल्याला नाही.

आपल्या दुपारी बारा वाजता बदलणारी तारीख ठेवा. यूटीसी वेळेतून साडेसहा तास वजा करा आणि उरलेल्या वेळेची तारीख घ्या. हीच ‘रात्रीची तारीख’. ती फाइल उतरवतानाच हेडरमध्ये एका वेगळ्या ओळीत लिहून टाका आणि पुढच्या प्रत्येक पायरीला तीच वाचू द्या, कुणीही परत तारीख मोजायची नाही. मूळ यूटीसी वेळेला हात लावू नका, प्रकाशवक्राला तीच लागते.

आणि ती ‘नसेल तर जुना मास्टर घे’ ही ओळ आजच काढा. फ्लॅट नसेल तर रात्र तिथेच थांबली पाहिजे आणि तुम्हाला मेसेज आला पाहिजे. थांबलेली रात्र नंतर चालवता येते. चुकीच्या फ्लॅटने पार पडलेली रात्र तक्त्यात मिसळून जाते, मग ती ओळखू येत नाही.

धागाकर्ता:

रात्रीची तारीख साडेसहा तासांच्या हिशेबाने लावली. काल रात्रीचा डेटा तसा चालवला: वलयं गेली, उतार गेला, स्थिर तारे परत ०.०१ च्या आत. मुलांना आज शाळेत दोन्ही नकाशे दाखवले. त्यांनी विचारलं की मग उन्हाळ्यातला डेटा खरा कशावरून, आणि आम्ही मे महिन्यातल्या सगळ्या फ्लॅट्सच्या वेळा एक-एक करून तपासल्या. सगळ्या ५:३० च्या आत आहेत.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ऑक्टोबरपासूनच्या रात्री परत चालवायच्या आहेत. कच्च्या फ्रेम सगळ्या डिस्कवर आहेत. पण त्यासाठी दोन गोष्टी विचारतो. पहिली, दिवसा इथे लोडशेडिंग असतं आणि कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर अर्धवट फाइल राहते. दुसरी, काही रात्री पहाटे धुकं आलं, तेव्हा फ्लॅट्स घेतलेच गेले नाहीत. त्या रात्री सोडून द्यायच्या का?

प्रतिसाद ३:

पहिल्यासाठी: निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, फाइल पूर्ण झाली की मगच खरं नाव द्या. स्क्रिप्ट सुरू होताना तात्पुरत्या नावाच्या सगळ्या फाइल्स पुसायच्या, खरं नाव असलेल्या सोडून पुढे जायचं. लाईन कितीदाही गेली तरी जास्तीत जास्त एक फ्रेम परत करावी लागेल. नवे निकाल जुन्यांवर लिहू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तक्त्यात आवृत्तीचा रकाना घाला. जे आकडे आधीच बाहेर पाठवले असतील ते कुठल्या आवृत्तीचे, हे कधीतरी कोणी विचारेलच.

प्रतिसाद २:

दुसऱ्यासाठी: सोडू नका. तुम्ही रात्रभर वेगवेगळे पट्टे घेता, म्हणजे एकाच पिक्सेलवर कधी तारा, कधी रिकामं आकाश. त्या रात्रीच्या सगळ्या फ्रेममधले तारे झाका, प्रत्येक फ्रेम तिच्या पार्श्वभूमीच्या पातळीने भागा आणि पिक्सेलनुसार मध्यक घ्या. तारे निघून जातात, धूळ आणि कडांचा काळोख उरतो. कॅमेरा रात्रभर हललेला नसतो, त्यामुळे तो फ्लॅट त्याच रात्रीचा असतो.

अडचण एकच, नागपूरकडच्या उजेडाचा उतारही त्यात शिरेल. नैऋत्येकडचे आणि क्षितिजाजवळचे पट्टे मध्यकात घेऊच नका. उरलेला उतार गाइयाच्या फरकांवरून एक प्रतल (सपाट तिरका पृष्ठभाग) बसवून काढा, तो नकाशा तुम्ही आधीच बनवलाय. चंद्र असलेल्या रात्रींवर मात्र हे नीट बसायला वेळ लागेल. अमावस्येच्या आसपासच्या धुक्याच्या रात्री आधी घ्या, आणि ज्या रात्रीचे खरे फ्लॅट्स आहेत अशा एखाद्या रात्रीवर दोन्ही पद्धती चालवून फरक इथे टाका. मलाही बघायचा आहे.