कोंबडीवरचा आरोप जनुकांनी पुसला का?

सूक्ष्मवेडा: दुकानातल्या कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांच्या शरीरात सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविक औषधाला न जुमानणारे ई. कोलाय हे आतड्यातले जीवाणू एकाच वाणाचे आढळतात, म्हणजे ते कोंबडीतून माणसांत येत असावेत, असे नेदरलँड्समध्ये 2011 साली मांडले गेले. वाणाची ही ओळख सात जनुकांच्या तुलनेवर बेतलेली होती. 2014 साली अशा जोड्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा 'एकच' समजल्या गेलेल्या वाणांत, अगदी सर्वांत जवळच्या जोडीतही, डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे 1,263 फरक निघाले. उलट एकाच फार्मवरची डुकरे आणि ती पाळणारे शेतकरी यांच्या जीवाणूंत हा आकडा अवघा 1.8 होता. आडनाव जुळले म्हणून कोणी सख्खे भाऊ ठरत नाहीत. कोंबडीवरचा आरोप मागे घ्यायला हवा, असे माझे मत आहे.

गोठेवाला: आपला दाखला बरोबर आहे, पण अर्धाच दिलात. त्याच अभ्यासात, वाण निराळे असूनही प्रतिरोधाचे (औषधाला न जुमानण्याचे) जनुक वाहून नेणारी प्लाझ्मिडे, म्हणजे जीवाणूतली डीएनएची सुटी छोटी कडी, कोंबडीत आणि माणसांत जवळजवळ सारखी निघाली. प्लाझ्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात शिरते, त्यामुळे जीवाणूंची वंशावळ कितीही बारकाईने मांडली, तरी जनुकाचा प्रवास त्यातून दिसत नाही. चोर वेगळे निघाले, म्हणून चोरीचा माल हातोहात फिरलाच नाही असे म्हणता येईल का?

सूक्ष्मवेडा: माल फिरला हे मान्य, पण कोणाकडून कोणाकडे? डुकरांतल्या स्टॅफिलोकॉकस या जीवाणूचा, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा 'सीसी398' हा गट पाहा. 19 देशांतल्या 89 नमुन्यांच्या 2012 मधील तुलनेतून दिसले, की त्याचा पूर्वज बहुधा माणसातलाच, मेथिसिलिनला दबणारा होता. जनावराला आरोपी ठरवण्याआधी दिशा तपासावी लागते, ती अशी.

गोठेवाला: हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे! डुकरांत गेल्यावरच त्या गटाने टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिन या दोन्ही प्रतिजैविकांचा प्रतिरोध मिळवला आणि मग तो डुकरे पाळणाऱ्या माणसांकडे परतला. जीवाणू आपला असेल, पण त्याला शस्त्र मिळाले ते गोठ्यात, औषधांच्या माऱ्याखाली. भारताने 2019 साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, ती मला म्हणूनच रास्त वाटते.

सूक्ष्मवेडा: बंदीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप पुराव्यापुरता आहे: 2014 च्या अभ्यासातली प्लाझ्मिडे जनुकसंचाच्या लहान तुकड्यांवरून जुळवलेली होती. ती सलग वाचून आणि माणसांचे व कोंबड्यांचे नमुने एकाच गावातून, एकाच काळात घेऊन तुलना झाली, तर मी माझे मत बदलायला तयार आहे.