मदत हवी आहे: एमटीएस क्लिप (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ फाइली) जोडताना आवाज तुटतो

कॅमेऱ्यात ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड आहे, फॅट३२ फॉरमॅटमध्ये. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. कार्ड रीडरने फक्त स्ट्रीम फोल्डरमधल्या एमटीएस फाइली कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एडिटरमध्ये एकापुढे एक लावल्या, की नेमक्या सांध्यावर आवाज क्षणभर गायब होतो. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते फार खटकतं.

कार्डावरचा पूर्ण प्रायव्हेट फोल्डर (स्ट्रीम फोल्डर त्याच्याच आत आहे) जसाच्या तसा कॉपी करून ठेवलाय, प्लेलिस्ट फाइलींसकट (कुठला तुकडा कशानंतर येतो ते त्यात असतं). कार्ड अजून पुसलेलं नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘कॉपी स्लॅश बी’ने (फाइली जशाच्या तशा एकामागे एक जोडणारी कमांड) तुकडे जोडले तर सांधा नीट येईल का? की प्लेलिस्ट वाचून जोडणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर बरं? पुन्हा एन्कोड करायचं नाही, दर्जा उतरतो. कृपया स्टेप्स सांगा.