मदत हवी आहे: विश्व कुणी बनवलं की आपोआप झालं, लेकीला काय सांगू?

नमस्कार मंडळी, कुणी फिजिक्सवाले किंवा तत्त्वज्ञान वाचलेले असाल तर प्लीज सांगा. काल संध्याकाळी सासरे देवघरात निरांजन लावत होते, वात पुढे ओढता ओढता नातीला म्हणाले, बघ, एवढासा दिवासुद्धा कुणीतरी लावावा लागतो, मग सूर्य काय आपोआप लागला? ती नववीत आहे, लगेच म्हणाली, आबा, मग देवाला कुणी बनवलं? आबा गप्प झाले, रागावले नाहीत, पण जेवताना फारसं बोलले नाहीत आणि मला ते लागलंय.

मी थोडं वाचलंय, की महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात) साधारण १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, तरी १९५१ मध्ये पोपनी महास्फोटाचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडला तेव्हा लमेत्रना ते पटलं नाही, विज्ञान आणि श्रद्धा वेगळं ठेवा असंच त्यांचं मत. मला हे फार आवडलं. आपल्या ऋग्वेदातल्या, सृष्टी कशी झाली असं विचारणाऱ्या नासदीय सूक्तातही शेवटी शंकाच आहे ना, की हे वरचा अध्यक्ष (म्हणजे सगळ्यावर नजर ठेवणारा) तरी जाणतो की तोही नाही?

पण मग जीवसृष्टी होऊ शकेल इतकं गुरुत्वाकर्षण वगैरे नेमकं जुळलं कसं, हा निव्वळ योगायोग म्हणायचा का? इथे मी अडकते. आबांची श्रद्धा न दुखावता आणि पोरीला गप्प न बसवता हे कसं समजावू? मराठीत सोपं काही असेल तर नक्की सुचवा, रविवारी दोघांना घेऊन बसणार आहे.