तळी, धार आणि माथा : ब्रह्मताल फेरीचे बडोदेकरांचे अनुभव

दिवाळी झाली की आमच्या घरी हिमालयाचे नकाशे निघतात. वसंतात मी उत्तराखंडातल्या ब्रह्मताल तळ्याला जाऊन आले, आता लेकाला बर्फात न्यायचं आहे. लोहाजंग गावाहून निघायचं, बेकलताल या तळ्यापाशी मुक्काम, मग तिलंदीच्या कुरणावरून ब्रह्मताल, सुमारे ३,७०० मीटर उंचीचा माथा आणि वेगळ्या वाटेनं उतरून पुन्हा लोहाजंग. आल्या वाटेनं परतायचं नसल्यामुळे शेवटच्या दिवशीसुद्धा समोर काही नवं असतं. बडोद्यातले बरेच जण ही फेरी करून आले आहेत, म्हणून म्हटलं, सगळ्यांनी आपापलं लिहावं. खर्चाचे हिशेब नकोत, चालताना काय झालं ते हवं. मला विचाराल तर माथ्याइतकाच वेळ तळ्यांना द्यायला हवा. लोक तळ्याशी फोटो काढतात आणि पुढे पळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारेलीबागहून

आम्ही जानेवारीत गेलो. लोहाजंग मागे पडलं की बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं जंगल लागतं. बुरांश फुलतो वसंतात; आम्हाला दिसली ती फक्त त्याची जाड पानं, थंडीनं मिटून खाली लोंबणारी. बेकलताल या झाडांच्या मधोमध आहे, काठावर छोटंसं देऊळ. सगळं तळं गोठलेलं होतं. आमच्यातली मुलं धावत बर्फावर निघाली, तेवढ्यात सोबतच्या गढवाली दादानं हात आडवा घातला. त्यानं काठी ठोकून दाखवलं: एका जागी भरीव आवाज, चार हात पुढे पोकळ. जिथून झरा आत येतो तिथे बर्फ पातळच राहतो, वरून काही कळत नाही. मग आम्ही काठाकाठानं अख्ख्या तळ्याला फेरी घातली. ती तासाभराची फेरी मला पुढच्या सगळ्या चढाइतकीच प्रिय आहे.

रात्रीसाठी एवढंच: पाण्याची बाटली, मोबाइल, बॅटरीचे सेल आणि उद्याचे मोजे स्लीपिंग बॅगमध्ये स्वतःजवळ घ्या. थेपले आणि सुखडी नेलीत तर खाण्याआधी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा, नाहीतर दात लागत नाही.

अलकापुरीहून

मी डॉक्टर आहे, म्हणून शरीराबद्दल लिहितो. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, तर लोहाजंगच सुमारे २,३०० मीटरवर. दिल्लीमार्गे काठगोदाम आणि तिथून दिवसभर गाडी, म्हणजे शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतच नाही. वर हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच, २१ टक्के. पण हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं हे गटातल्या कुणापासून लपवू नका. त्यावर चढत राहणं हा शूरपणा नव्हे. चालताना तोल जायला लागला तर मध्यरात्र असली तरी त्या माणसाला खाली न्यायचं. उंचीचा त्रास टाळायची ॲसिटाझोलामाइडची गोळी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

वर ताईंनी तळ्याला वेळ द्या म्हटलंय, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तळ्याकाठची निवांत दुपार औषधासारखी लागू पडते.

वाघोडिया रोडहून

बुटांना लावायचे काटे आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणं) वर भाड्यानं मिळाले, विकत घ्यावे लागले नाहीत. बूट मात्र घरूनच न्या, आणि महिनाभर घालून मऊ केलेले.

मांजलपूरहून

माथ्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो. आम्ही अंधारात डोक्यावर दिवा बांधून निघालो. धारेवर आलो तेव्हा वारा असा की दोन माणसांना शेजारी उभं राहून बोलणं ऐकू येईना. मग उजेड झाला आणि समोर त्रिशूल, ७,१२० मीटर, त्याच्या डावीकडे नंदाघुंटी, ६,३०९ मीटर. त्रिशूल १९०७ साली टॉम लाँगस्टाफच्या तुकडीनं सर केलं. ७,००० मीटरच्या वरचं माणसानं सर केलेलं ते पहिलं शिखर मानतात. तेव्हाच्या लोकरी कपड्यांत ती माणसं तिथे कशी पोचली असतील, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

धारेवरून समोर ‘आली’ आणि ‘बेदनी’ हे दोन बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, दिसतात, रूपकुंड तळ्याच्या वाटेवरचे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. माझं रूपकुंड त्यामुळे राहिलं, तरी निर्णय योग्यच आहे. तंबू ठोकून, खड्डे खणून उखडलेलं ते गवत परत धरायला फार काळ घेतं.

दांडिया बाजारहून

तरुणांनी हिमालयाचं लिहिलं, मी सत्तरी ओलांडलेला माणूस पावागडाचं लिहितो. लेकाला न्यायच्या आधी इथे घेऊन ये, पोरी. पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तळी व माथा दोन्ही आहेत. लोक माचीपर्यंत बसनं येतात, रोपवेत बसतात, कालिकामातेचं दर्शन घेऊन परततात. तू चांपानेरपासून पायी चढ: अटक दरवाजा, माची, सदनशाह दरवाजा, मग मौलियाचं पठार. तिथे दुधिया तळं आहे, छासिया तळं आहे, आणि दहाव्या-अकराव्या शतकातलं, शिवाचा अवतार मानलेल्या लकुलीशाचं देऊळ. ते देऊळ बघायला वाकडी वाट करावी लागते, म्हणून तिथे गर्दी नसते. १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं गड घेतला तो फार लांबलेल्या वेढ्यानंतर. इतके दिवस गड लढला तो या साठवलेल्या पाण्यावर. पुढे शिंद्यांचा अंमलही इथे होता. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दगडाकडेही बघ. गडाचा खालचा भाग आपल्या सह्याद्रीसारखा बेसॉल्टचा, पण माथ्याकडे फिकट रायोलाइट आहे, दख्खनच्या खडकांत क्वचित सापडणारा. आणि काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून वाहते ती आपली विश्वामित्री नदी याच डोंगरातून निघते.

सरावासाठी पाठीवर सहा-सात किलो घे आणि उतरतानाही रोपवे टाळ. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा काठीशिवाय जाऊ नये. थंडी सुरू झाली की आम्ही काही जण रविवारी जातो. यायचं असेल तर पहाटे निघायची तयारी ठेव, ऊन चढायच्या आत दुधिया गाठायचं असतं.