शब्दचर्चा : ‘डायनॅमिक आयपी’ला मराठीत काय म्हणावे?

खानापूर येथून विचारणा

आमच्या गावच्या वाचनालयाने जुन्या हस्तलिखित वह्यांचे स्कॅन एका कार्यकर्त्याच्या घरच्या सर्व्हरवर ठेवले आहेत. बेळगाव, निपाणी आणि पुण्यातील सभासदांना ते दुरून पाहता यावेत, यासाठी मी मराठीत सूचनापत्र तयार करीत आहे. त्या घराच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवर ती जोडणी ओळखणारा अंकी पत्ता) वरचेवर बदलतो. अशा ‘डायनॅमिक आयपी’ला ‘गतिमान पत्ता’ म्हणावे, असे एका सभासदाने सुचवले आहे. डीएनएस म्हणजे नावावरून असा पत्ता शोधून देणारी नोंदव्यवस्था; मग पत्ता बदलला तरी तेच नाव चालू ठेवणाऱ्या ‘डायनॅमिक डीएनएस’ला ‘गतिमान डीएनएस’ म्हणायचे का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

बेळगाव येथून उत्तर

‘गतिमान’ टाळावे, कारण वाचणाऱ्याला जोडणीच वेगवान असल्याचे वाटेल. ‘चल’ हा शब्द बीजगणितात रूढ आहे खरा, पण ‘चल पत्ता’ हे आज्ञा केल्यासारखे ऐकू येते. खरेदीखतांतील ‘स्थावर-जंगम’ ही जोडी अर्थाने नेमकी बसते. तथापि आपल्या भागात ‘जंगम’ म्हटले की आधी लिंगायत परंपरेतील जंगमच आठवतात. म्हणून सरळ ‘बदलता पत्ता’ लिहावे आणि ‘स्टॅटिक’साठी प्रत्येक सरकारी अर्जावर दिसणारा ‘कायमचा पत्ता’ घ्यावा. (कन्नडमध्ये पत्त्याला ‘विळास’ म्हणतात, कन्नड सूचनेवरून कोणी ‘बदलता विलास’ लिहिले, तर मराठी वाचकांची करमणूक तेवढी होईल.)

क्रियापदाकडेही लक्ष असावे. पत्ता आपणहून बदलत नाही. सेवा पुरवणारी कंपनी तो ठरावीक मुदतीसाठी देते आणि मुदत संपल्यावर किंवा राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दुसरा देऊ शकते. त्यामुळे ‘मुदतीवर मिळालेला पत्ता’ असे एकदा तरी लिहावे, म्हणजे बदलाचे कारण वाचकाला कळेल.

निपाणी येथून

‘बदलता पत्ता’ मान्य आहे, परंतु त्याच न्यायाने ‘बदलता डीएनएस’ लिहिल्यास अर्थ उलटा होईल. तेथे नाव मुळीच बदलत नाही. नावापुढील पत्त्याची नोंद तेवढी बदलली जाते. १९९७ सालच्या आरएफसी २१३६ या तांत्रिक दस्तऐवजाच्या शीर्षकातही ‘डायनॅमिक’ हे विशेषण ‘अपडेट्स’ या शब्दाला लावलेले आहे. घरातील राउटर किंवा सर्व्हरवरील लहानसा प्रोग्राम ठरावीक वेळाने बाहेरून दिसणारा पत्ता तपासतो आणि तो बदललेला आढळला की नोंद दुरुस्त करून घेतो. याला मी ‘आपोआप दुरुस्त होणारी नामनोंद’ म्हणेन. शब्दप्रयोग लांब आहे, पण खोटा नाही.

‘टीटीएल’साठी, म्हणजे एकदा विचारलेली नोंद पुन्हा न विचारता किती वेळ वापरायची त्या कालावधीसाठी, ‘नोंदीची मुदत’ चालेल. ती ३६०० सेकंद ठेवली, तर नोंद दुरुस्त झाल्यावरही तासभर काही सभासद जुन्याच पत्त्यावर धडकत राहतील. म्हणून अशा नावांसाठी ती ६० सेकंदांसारखी अल्प ठेवतात.

पुन्हा बेळगाव येथून

सूचनापत्रात आणखी एक संज्ञा लागेल आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटीच असल्याने अनेक कंपन्या एकच पत्ता कित्येक घरांना मिळून देतात. हा बदलता पत्ता नव्हे, हा सामायिक पत्ता होय. वीस बिऱ्हाडांच्या वाड्यात केवळ वाड्याचे नाव लिहिलेले पाकीट यावे, तशी येथे बाहेरून आलेल्या मागणीची गत होते. नामनोंद कितीही वेळा दुरुस्त केली किंवा घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरची मागणी घरातील सर्व्हरकडे वळवली), तरी मागणी कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. राउटरच्या पानावर बाह्य पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या दरम्यानचा दिसत असेल, तर हाच प्रकार समजावा. २०१२ साली हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला.

त्यावर उपाय असे की, कंपनीकडून कायमचा पत्ता मागून घ्यावा, आयपीव्ही६ (कितीतरी अधिक पत्ते असलेली नवी पद्धत) मिळत असल्यास ते वापरावे, किंवा वायरगार्डसारख्या साधनाने घरातून बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत ‘टनेल’ काढावा. ‘टनेल’साठी ‘बोगदा’ बिनदिक्कत लिहावे; लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे रेल्वेने गोव्याला उतरलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. मात्र हा बोगदा घराच्या बाजूने खोदला जातो, म्हणूनच तो कंपनीच्या यंत्रातून पार होतो, हे वाक्य गाळू नये.

खानापूर येथून

सर्वांचे आभार. मजकूर असा केला आहे : ‘घरच्या सर्व्हरचा पत्ता बदलता असल्यास आपोआप दुरुस्त होणारी नामनोंद पुरेशी आहे, पत्ता सामायिक असल्यास ती पुरणार नाही, बोगदा लागेल.’ ‘पोर्ट’, ‘राउटर’ आणि ‘सर्व्हर’ तसेच ठेवले आहेत.

निपाणी येथून

मजकूर योग्य आहे. फक्त ‘सामायिक’ऐवजी ‘सामाईक’ लिहावे. सामाईक विहीर आणि सामाईक बांध आपल्याकडील शेतकरी सभासदांच्या कागदपत्रांत आधीपासूनच आहेत.